श्वासनळीत काजळी नाही

दोघांनाही एकाच गाडीतून आणलं.
रस्त्यावर बर्फ, तार्तूला पोचायला सहा तास उशीर.
पिशव्यांवर रायवोनं पेन्सिलीनं लिहिलेलं: एक. दोन.
शाई गोठते, म्हणाला.

दोघांचेही हात वर,
कोपरात वाकलेले, मुठी आवळलेल्या,
आखाड्यात उतरल्यासारखे.
शेजारीण वाल्वेनं जळक्या चौकटीतून तेवढंच पाहिलं
आणि दुपारपर्यंत गावभर झालं:
शेवटपर्यंत भांडत होती हो ती दोघं.
बावन्न वर्षांचा संसार, आणि हे असं.

लिहून घे, मी म्हटलं.
आगीत स्नायू आखडतात.
वाकवणारे स्नायू जोरकस, म्हणून हात वाकतो.
संत असो की गुंड, मूठ अशीच वळते.
यात राग नाही.
त्यानं सगळं लिहिलं, मग शेवटची ओळ खोडली.
बरोबरच केलं.

कवटीला भेगा. त्याच्या. तिच्याही.
आत तपकिरी, जाळीदार रक्त, शिळ्या पावासारखं.
हे उष्णतेनं उकळून आलेलं.
कुऱ्हाडीचा दांडा असं रक्त काढत नाही.

मग गळा.
तीस वर्षं झाली, तरी इथं माझा हात हळू होतो.

एव्हाल्दच्या श्वासनळीत काजळी,
थेट खालच्या फांद्यांपर्यंत,
कंदिलाच्या काचेला धरते तशी.
रक्त चेरीलाल.
प्रयोगशाळा आकडा शुक्रवारी देईल,
डोळ्यांना आजच कळतं:
आग लागली तेव्हा हा माणूस श्वास घेत होता.

साल्मेची नळी मी दोनदा पुसली.
कापूस पांढराच राहिला.

रायवोची पेन्सिल थांबली.
म्हणजे ती आधी गेली.
आधी.
म्हणजे त्यानं—
पोलिसाच्या तोंडात हे वाक्य आपोआप पूर्ण होतं.
थांब जरा. आपण अजून छातीत पोचलो नाही.

आग घाईची असते.
बाहेरचं सगळं नेते, आतलं तिच्याच्यानं उरकत नाही.
साल्मेचं हृदय जवळजवळ जसंच्या तसं.
डाव्या धमनीत गुठळी, जवाच्या दाण्याएवढी.
एवढीशीच.
किती आधी? एक रात्र? दोन?
भाजलेलं शरीर ते सांगत नाही,
आणि मी अंदाजावर सही करत नाही.

मुलगी बोटीनं आली, तुर्कूहून.
कोट न काढता बसली.
आईला भाजलं का?
नाही. तिला काहीच कळलं नाही.
आणि बाबांना?
धुरानं आधी गुंगी येते, मी म्हटलं.
हे वाक्य मी अनेकांना दिलंय.
निम्म्यांच्या बाबतीत ते खरं होतं.

रविवारी फोन केला होता, ती म्हणाली.
बाबांनीच उचलला.
आई झोपलीय म्हणाले. हात गार पडलेत तिचे,
म्हणून चूल मोठी ठेवलीय.
मी म्हटलं, बरं, उठवू नका.

आग मंगळवारी लागली. मंगळवारी, पहाटे.
अग्निशमनवाल्यांच्या कागदात आहे:
पलंग भिंतीपासून ओढून चुलीला लावलेला.
लाकडाची खोपटी रिकामी, जानेवारीतच.
खुर्च्या चार असाव्यात, सापडली एक.
धुराड्याची वीट तडकलेली.

मुलगी गेल्यावर मी साल्मेला पुन्हा कुशीवर वळवलं.
पाठ जमिनीला टेकलेली असते, तिथं कापड वाचतं.
लोकरीचे तीन थर निघाले, एकावर एक.
दोन बायकी. तिसरा जाड, राखाडी,
मानेजवळ लेबल शाबूत:
चोपन्न. पुरुषांचं माप.

गार पडलेल्या माणसाच्या बाहीत हात घालायला किती वेळ लागतो,
ते मला माहीत आहे.
एकट्यानं तर फारच.

रायवो दारात उभा होता.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

कपडे, मी म्हटलं.
कपड्यांत लिही.